चांदण्या की कंस

"पण तक्त्याच्या पोटात यादी आली तर?" प्रोग्रामरने विचारलं.

लेखिकाबाईंची कीबोर्डवरची बोटं थांबली. पडद्यातून गाळलेलं दुपारचं ऊन टेबलावर सांडलं होतं. "मग चांदण्यांचं काही खरं नाही," त्या म्हणाल्या.

प्रश्न साधाच होता. कंपनीच्या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल कोणत्या मार्कअपमध्ये, म्हणजे मजकूर सजवायच्या कोणत्या खुणांनी, लिहायचं? ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदण्या काढायच्या, की प्रत्येक ओळीला कंसांचे अंगरखे चढवायचे? बाई चांदण्यांच्या बाजूच्या, हा कंसांच्या. दोघांनी मिळून ठरवा, म्हणून साहेबांनी बाईंना त्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत धाडलं होतं. ठरलं की त्या वरच्या मजल्यावर परत जाणार होत्या.

त्या जाणार, हा विचारच त्याला नकोसा व्हायचा. म्हणून तो रोज नवं खुसपट काढायचा. कधी तळटीपा, कधी आकृत्या. बाई ऐकता ऐकता काहीतरी टाइप करत राहायच्या. "हात बसावा म्हणून," असं म्हणायच्या. एकदा तो चुकून "पटलं बुवा" म्हणाला, तर त्यांनीच कंसांची बाजू घेतली. किती न्यायी बाई, असं त्याला वाटलं होतं.

पंखा पेंगत फिरत होता. कुठल्या तरी खोलीत कुणी गुणगुणत होतं. इथेच बसून राहावं, दुपार संपूच नये, असं त्याला फार वाटलं. आणि मग स्वतःचीच लाज वाटली. आपल्यापायी बाईंचं काम अडलंय.

"चांदण्याच घेऊ," तो म्हणाला. "साहेबांना सांगून येतो."

"आजच?"

"कधीतरी सांगायचंच की."

"बरं," बाई म्हणाल्या. "चहा मागवते. निवायच्या आत या."

तो वर गेला. साहेब स्क्रीनमध्ये डोकं घालून बसले होते.

"चांदण्या," तो म्हणाला. "आमचं ठरलं."

"ते कधीच ठरलंय की," साहेब वर न बघता म्हणाले. "मागच्याच बैठकीत. अर्धं मॅन्युअल लिहूनही झालं बाईंचं. तुम्हाला सांगते म्हणाल्या होत्या. वर या म्हटलं, तर म्हणतात, खाली जरा काम उरलंय. कसलं हो काम?"

तो सावकाश जिना उतरला. टेबलावर दोन कप होते.

"काय म्हणाले साहेब?" बाईंनी खिडकीकडे बघतच विचारलं.

"जागेवर नव्हते," तो खुर्ची ओढत म्हणाला. "बरं, त्या तक्त्यांचं काय करायचं?"