वेगळं ताट

"उंदीर नाही, ताई," सकाळी डिशवॉशरच्या मागून जूचंद्रचा मेकॅनिक प्रितेश म्हणाला. "उंदीर कुरतडतो, दातांच्या खुणा ठेवून जातो. ही वायर कुणीतरी सरळ कातरलीय."

संपदाने देव्हाऱ्याकडे पाहिलं. सासूबाईंच्या फुलं कापायच्या कात्रीला वायरीच्या काळ्या प्लास्टिकचा कपटा अजून चिकटलेला होता. गेल्या महिन्यात पाळीच्या दिवसांत तिने आपलं वेगळं ठेवलेलं ताट बिनधास्त या जुन्या डिशवॉशरमध्ये सगळ्यांच्या भांड्यांत लावलं होतं. दुसऱ्याच दिवशी मशीन बंद पडली, आणि सासूबाई, आशालताबाई, अख्ख्या फुलपाड्यात उंदराच्या नावाने बोंबलत फिरल्या.

"आई देवळातून यायच्या आत जोडून द्या," संपदा म्हणाली. "आणि त्यांना काही बोलू नका."

दुपारी देवीचा नैवेद्य झाला. आशालताबाई नैवेद्याच्याच ताटातला प्रसाद घेऊन बसल्या. पुरणपोळी मोडता मोडता म्हणाल्या, "बघ, हाताने घासलं की ताट कसं लखलखतं. उगाच त्या मशीनचे लाड. मेली ते बरंच झालं."

"अजून घ्या ना, आई. तूप वाढू?"

त्यांनी शेवटचा घास गिळून बोटं चाटेपर्यंत संपदा तुपाची वाटी धरून उभी राहिली. मग तिने डिशवॉशरचं दार उघडलं. धुतलेलं एकच ताट आत उरलं होतं, तिचं वेगळं ठेवलेलं.

"नैवेद्याचं ताट सकाळी याला चिकटूनच धुतलं," ती म्हणाली. "आज माझा दुसरा दिवस आहे, आई."