दिवा किती बारीक

“हा डायॅक नको. याहून जरा मऊ काहीतरी द्या,” लेक म्हणाली.

“कापड घ्यायला आलात का ताई?” विजेच्या सुट्या भागांच्या दुकानदाराने विचारलं.

काउंटरवर तिने घरी जोडलेला पहिलावहिला डिमर उघडा पडला होता. त्याने आईच्या खोलीतला दिवा बारीक व्हायचा, पण एका ठिकाणी आला की पटकन विझायचा. परत लावायचा तर बटण पुष्कळ पुढे फिरवावं लागे, आणि मग उजेड एकदम अंगावर येई. काल संध्याकाळी तो बारीक ठेवलेला असताना वीज क्षणभर गेली. वीज आली, दिवा आलाच नाही. आई खाली जिन्यावर सापडली, चपला उलट्या पायांत घातलेल्या.

“यात डायॅकचा दोष नाही,” दुकानदार म्हणाला. “ट्रायॅक म्हणजे दिव्याचा दरवाजा. ढकलल्याशिवाय उघडत नाही. ढकलायचं काम डायॅकचं. तो गप्प बसून वीज साठू देतो आणि भरलं की एकदम ट्रायॅकवर काढतो. तोच काढून टाकलात तर दिवा थरथरत बसेल.”

“म्हणजे आमच्या दादासारखा!” लेक हसली. “आईचं बरं. तिचं कधी भरतच नाही.”

“डायॅक हाच राहू द्या. त्याच्या मागे अजून एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर जोडा. मग दिवा जिथे विझेल, जवळपास तिथेच परत लागेल. पण एवढा मिणमिणता उजेड हवाय कुणाला? ना वाचायला, ना शिवायला.”

लेकीने आवाज उतरवला. बाबा गेल्यापासून आईला धड झोप नव्हती. लख्ख उजेडात डोळा लागत नाही, असं ती म्हणायची, आणि अंधारात तुझे बाबा येतात.

दुकानदार विरघळला. रेझिस्टरचे त्याने पैसेच घेतले नाहीत. दुसऱ्याच्या संसाराचं कौतुक तेवढ्यात भागतं.

घरातही तोच भाव चालू होता. दादा म्हणाला, डॉक्टरला दाखवू. वहिनी म्हणाली, एवढं प्रेम आमच्या नशिबी कुठलं, आणि नवऱ्याकडे बघून उसासा टाकला. शेजारच्यांना बाबांचा हळू, गोड आवाज आठवायचा. इतक्या जणांनी आईच्या खात्यावर हे प्रेम परस्पर जमा केलं होतं. तिची सही मात्र कुणी घेतली नव्हती.

लेकीला तर विचारायची गरजच वाटत नव्हती. बाबांनी तिच्यावर कधी साधा आवाज चढवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने नवा डिमर जोडला, जुना पिवळा बल्ब लावला आणि खोलीचे पडदे ओढून घेतले. आई पलंगाच्या कडेला बसली. समोर बाबांची खुर्ची होती.

“आई, मी हळूहळू बारीक करते. बाबा दिसले की सांग. तिथे मी खूण करून ठेवीन.”

“नक्की कुठे, ते कळायलाच हवं,” आई म्हणाली.

बटण मागे फिरू लागलं. भिंती पिवळ्या झाल्या, मग तपकिरी. कपाटाची कड गेली. दाराची चौकट गेली. दिवा विझत नव्हता, दचकत नव्हता, नुसता आत आत जात होता. लेकीला स्वतःच्या कामाचा अभिमान वाटला. आईने मान खाली घातली. तिचा हात कोपरात दुमडून तोंडासमोर आला. आईला भरून आलंय, असं वाटून लेकीचेही डोळे भरले. तिने बटण केसभर आणखी मागे घेतलं.

“थांब!”

“दिसले?”

“खुर्चीतून उठले.”

डोळे पुसत लेकीने बटणाशी पेन्सिलने रेघ मारली.

“मग रोज रात्री इथेच ठेवायचा ना गं?”

“नाही. याच्या वर ठेव,” आई म्हणाली. हात तिने अजून खाली घेतला नव्हता. “याहून बारीक झाला, की त्यांचा हात कुठून येतो ते दिसत नाही.”