परतीची फेरी

गाडी गावातून निघाली तेव्हा एकही सीट रिकामी नव्हती. दुर्गाबाईने मागच्या बाकावरून मान उंच करून पुन्हा एकदा पाहिलं. सगळे बसले होते, पण अवघडून. म्हाताऱ्या सोनीबाईने तर ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पाहणीला आलेला साहेब ड्रायव्हरच्या मागे बसला होता.

जिल्ह्यातल्या कोणत्या गावाला एसटीची किती गरज आहे, ते बघणं चालू होतं. ज्या गाडीला माणसं कमी, ती बंद होणार होती. या गाडीत एरवी कॉलेजच्या चार-दोन पोरी आणि एखादा दूधवाला असायचा. त्या पोरींत दुर्गाबाईची सपना होती. मालेगावात, बारावीला. गाडी गेली की कॉलेज गेलं. मामाने स्थळ बघूनच ठेवलं होतं.

म्हणून दुर्गाबाई आठवडाभर दारोदार फिरली. ज्यांच्या वावरात ती निंदायला जायची, त्या रामरावांनाही तिने सोडलं नाही. सगळ्यांना एकच सांगणं. एक दिवस गाडीत बसा, मालेगावला जा आणि त्याच गाडीने माघारी या. गाडी जातानाही भरलेली दिसली पाहिजे, येतानाही.

गाव मागे पडलं आणि साहेब उठला. एकेका सीटजवळ थांबून विचारू लागला.

"कुठे चाललात? काय काम आहे?"

 याची उत्तरं दुर्गाबाईने कोणालाच शिकवली नव्हती.

"आई, आता?" सपना कुजबुजली.

"चूप बैस."

साहेब सोनीबाईपाशी आला.  ती म्हणाली, "डोये दाखवाले. उजव्या डोयानं दिसतच नाही."

मागच्या सीटवरच्या माणसाला बँकेत अंगठा द्यायचा होता. रामराव म्हणाले, "मेडशीले. बहीण पडली न्हाणीत. खाटेवर हाय."

दुर्गाबाई ऐकत राहिली. इतकं सफाईने खोटं बोलतील असं तिला वाटलं नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला.

मेडशीला गाडी थांबली आणि रामराव उठून दाराकडे निघाले. दुर्गाबाई माणसं बाजूला करत पुढे आली आणि हळू आवाजात म्हणाली,

"भाऊ, तुमी कायले उतरून राह्यले? मालेगावले जाचं हाय ना आपल्याले."

"साहेबाले सांगतलं ना, बहिणीकडं चाललो."

"ते तं सांगासाठी व्हतं."

"त्यानं इचारलं म्हणून तोंडातून निंगालं," रामराव पायरीवर थांबून म्हणाले. "निंगालं तवा ध्यानात आलं, इतकी जवळ असून म्या तिचं तोंड पायलं नाही." आणि ते उतरून गेले.

मालेगावच्या स्टँडवर गाडी घडीभरात रिकामी झाली. सपना मैत्रिणींबरोबर कॉलेजला गेली. दुर्गाबाई एकेकाच्या मागे धावली. बँकेचं काम सांगणारा दिसेनासा झाला होता. सोनीबाई ऑटोत बसली होती.

"सोनीबाई, गाडी आत्ता परतते. चाल."

"एवढी आली तं दाखवूनच येतो, बाई. रोज रोज कोठी येनं होते."

ऑटो गेला. दुर्गाबाई परत येऊन गाडीत बसली. सगळ्या सीटा मोकळ्या. काय करावं तिला सुचेना. ती या खिडकीतून बघे, मग त्या खिडकीतून बघे. कोणी येत नव्हतं.

साहेब आत आला. "जाताना गाडी खचाखच भरली होती. आता तुम्ही एकट्याच. हे काय आहे, बाई?"

काहीतरी ठोकून देता आलं असतं. पण सकाळपासूनच्या धावपळीने ती थकली होती.

"म्याच बसवलं व्हतं, सायेब. कोनालेच कोठी जाचं नव्हतं. गाडी बंद होऊ नये म्हणून. पन सारे खरंच निंगून गेले."

साहेब तिच्या समोरच्या सीटवर बसला. "एवढी कामं असतात, तर हे लोक रोज का येत नाहीत?"

"येतीन कशानं माघारी? हे गाडी लगेच परतते. दुसरी दिवस बुडाल्यावर. दवाखान्याचं काम झालं की म्हाताऱ्या मानसानं दिवसभर स्टँडवर बसाव का?"

"दुपारी गाडी असती तर?"

"तं आले असते बहुतेक. मले का माहीत, सायेब." ती बोलता बोलता थांबली. "घरोघरी फिरली मी. बसा म्हणलं, बसा म्हणलं. तुमाले कोठी जाचं हाय का, हे म्याही कोनाले इचारलं नाही."

साहेबाने वही उघडली. मग म्हणाला, "परतीची फेरी रिकामी गेली, असं लिहावं लागेल. दुपारच्या गाडीचंही लिहितो. पुढचं माझ्या हातात नाही."

"लिहा."

हिवाळा लागल्यावर गाडीची वेळ बदलली, दुपारची फेरी सुरू झाली. पण ते नंतरचं. त्या सकाळी दुर्गाबाईला एवढंच कळलं होतं की तिचा डाव फसला आणि पोरीचं काय होणार ते देवालाही ठाऊक नाही.

कंडक्टर चढला. ड्रायव्हरने गाडी चालू केली. "बोला बाई, गावचं एक?"

दुर्गाबाईने कमरेची पिशवी सोडली. नोट बाहेर काढली, पुन्हा आत ठेवली. मग उठली.

"नोको. मी संध्याकाळच्या गाडीनं येतो."

"आता तुम्हाला काय काम निघालं?" साहेबाने विचारलं.

"पोरीचं कॉलेज पायतो," ती पायरी उतरत म्हणाली. "दोन वर्स झाले पोरीले धाडून राह्यली मी, कसं हाय ते अजून पायलंच नाही."