तिसरी पायरी

दत्तोपंतांनी गणिताचे आपले सगळे धडे इंटरनेटवर खुले ठेवले होते. कुणीही वाचावेत आणि समासात शेरा लिहावा. ते वारले त्याच आठवड्यात त्यांचे कॉलेजातले सहकारी रघुकाका चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या घरी आले आणि पंतांच्या मुलीला म्हणाले,

"प्राची, कुणी श्रीदेवी काल लिहून गेलीय, 'सर, तिसरी पायरी चुकली.' ते गेल्याचं माहीत असूनही! शोभतं का हे? मुलांचे शेरे काढून टाकू, वर पंतांचा फोटो लावू आणि धड्यांवर लिहिणं बंद करू. पासवर्ड तेवढा दे, मा."

"हार फोटोला घाला, काका. धड्यांना नको."

"अगं, आता त्यांना उत्तर देता येणार आहे का?"

"मला येईल."

काका रागावून निघून गेले. प्राचीने ती पायरी वहीवर सोडवून पाहिली, मग शेऱ्याखाली लिहिलं, 'श्रीदेवी, चुकलीच आहे. पण नुसतं चूक म्हटलेलं बाबा ऐकून घेत नसत. बरोबर पायरी लिही.'

आठवडाभर घरी येणारे सगळे बाबांबद्दल बोलत होते. बाबांशी बोलली होती ती श्रीदेवी एकटीच.