दाजींची कुजबुज

या मायबापहो, जरा जवळ सरका, एका कुजबुजीची कथा ऐका. बेकरीवाल्याचं तान्हं बाळ मिनतवारीनं झोपलं होतं. तिकडे इस्पितळात बेकरीवाल्याची बहीण बाळंतपणात अडली होती आणि इकडे सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा, म्हणजे दाजींचा फोन आला. एरवी गल्ली दणाणून सोडत भाजी विकणारा माणूस, पण बेकरीवाल्याचं हे बाळ झाल्यापासून या घराशी कुजबुजतच बोलायचं, हे त्यांच्या सासूबाईंनी, बेकरीवाल्याच्या आईनं, अंगवळणी पाडलेलं. आताही ते कुजबुजले. कुणाला काही कळेना. “अहो, दाजी रडतायत का?” बायकोनं घाबरून विचारलं. बेकरीवाल्यानं फोन तोंडाशी धरला. “दाजी, देवाची आण, ओरडून सांगा!” तो किंचाळला. बाळानं भोकाड पसरलं. फोनमधूनही तसंच भोकाड उमटलं, मागोमाग बहिणीचा थकलेला आवाज: “दादा, माझं बाळ उठवलंस ना!” प्रार्थनेला बसाल तेव्हा दाजींना आठवा, बिचाऱ्यांना आता स्वतःच्या घरीही कुजबुजायचंय.