गुरुवारच्या चादरी

दोरी रिकामी होती.

नर्स गच्चीच्या दारातच थांबली. हॉस्पिटलातून आल्यावर घरात न डोकावता ती थेट वर आली होती. सकाळी निघताना तिने बादलीत सहा चादरी भिजवल्या होत्या. नवऱ्याने उठल्यावर त्या पिळून वाळत घालायच्या आणि ती आली की दोघांनी मिळून घड्या घालायच्या, हे दर गुरुवारचं ठरलेलं. आज दोरीवर नुसते चिमटे होते आणि शेजारणीचा एक पायमोजा.

ती खाली आली. नवरा दारातच उभा होता. बसचा ड्रायव्हर तो, एरवी चेहरा सिग्नलला थांबल्यासारखा. आज मात्र स्वारी खुशीत होती. टेबलावर कागदात बांधलेला एक गठ्ठा होता.

"चादरी कुठायत?" तिने विचारलं.

"त्या काय! लाँड्रीत दिल्या. सकाळी बादलीसकट घेऊन गेलो. धुऊन, इस्त्री करून, घड्या घालून हजर. लाँड्रीवाला विचारतो कसा, काय राव, लॉज काढलंत की काय?"

ती हसली नाही.

"अगं, खरंच की. दोन माणसांच्या घरात आठवड्याला सहा चादरी! तिकडे दिवसभर पेशंटच्या चादरी बदलायच्या आणि घरी येऊन पुन्हा तेच. मला काय डोळे नाहीत? आता दर गुरुवारी लाँड्री. तुम्ही नुसतं पडायचं, बाईसाहेब."

खरं तर घरात पलंग एकच होता आणि आठवड्याला मळायची ती एकच चादर. बाकीच्या पाच ती कपाटातून काढायची, चांगल्या धुतलेल्या, आणि गुपचूप बादलीत बुडवायची. सुरुवातीला एकच जास्तीची होती. मग दोन झाल्या. मग आकडा वाढतच गेला.

कारण बाकीचे दिवस ती यायची तेव्हा तो कामावर गेलेला असायचा, तो यायचा तेव्हा ती झोपलेली. संसार चालला होता फ्रिजच्या दारावर. 'दूध संपलंय.' 'नळ गळतोय.' 'तुझा डबा खालच्या कप्प्यात.' गुरुवारी त्याची ड्यूटी उशिरा असायची, तेवढाच दीड तास दोघं घरात एकदम जागी. त्या दीड तासात तिने नुसतं गप्पा मारत बसूनही पाहिलं होतं. बोलणं फिरून फिरून नळावरच यायचं.

चादरीचं तसं नव्हतं. दोन टोकं त्याच्याकडे, दोन तिच्याकडे. ताणायची, झटकायची आणि टोकाला टोक लावत एकमेकांकडे चालत यायचं. तो मुद्दाम जोरात ओढायचा. ती तोल जाऊन "अरे, मेल्या!" म्हणायची. जवळ आल्यावर त्याची टोकं तिच्या हातात द्यायची, तेव्हा बोटांना बोटं लागायची. मग पुढची चादर. आठवडाभर तिला त्या बोटांची वाट असायची. हे त्याला सांगायचं कसं? लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर बायको असलं काही सांगते का?

"पड ना," तो म्हणाला. "मी आवाज करत नाही."

ती पडली. तोही दिलेल्या शब्दाला जागला. चोरपावलांनी स्वयंपाकघरात गेला, कपाट अलगद लावलं, खुर्ची न ओढता उचलून ठेवली. एकदा चमचा पडला तेव्हा स्वतःलाच हळू आवाजात शिवी घातली. मग तो आवाजही बंद झाला. इतका गुणी नवरा, आणि तिला उशीत तोंड खुपसून रडावंसं वाटत होतं. रागवावं तर कशावर?

घड्याळात पाहिलं तर तासभर गेला होता. बाहेर त्याने बूट पुढे ओढल्याचा आवाज आला. तो निघायच्या तयारीला लागला होता. आता थेट पुढचा गुरुवार. आणि पुढच्या गुरुवारीही हा असाच गठ्ठा.

ती ताडकन उठली. टेबलाजवळ गेली आणि गठ्ठ्याचा दोरा तोडला. वरची चादर उचलून तिने फाडकन उलगडली.

तो एका पायात बूट घालून बघतच राहिला. "अगं, काय झालं?"

"घडी वाकडी घातलीये त्याने."

"वाकडी? पट्टी लावून घातल्यासारखी तर होती!"

"वाकडी होती," ती म्हणाली. चादरीची दोन टोकं त्याच्यापुढे केली. "धर तिकडून."

 त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मग तसाच, एका पायात बूट, पुढे आला आणि दोन टोकं धरली. चादर ताणली. झटकली. टोकाला टोक लावून दोघं एकमेकांकडे चालत आली, तो लंगडत. त्याने टोकं तिच्या हातात दिली, पण बोटं लगेच काढून घेतली नाहीत.

"उशीर होईल तुला," ती म्हणाली.

त्याने घड्याळाकडे पाहिलं. टेबलावर पाच चादरी उरल्या होत्या, एकावर एक, कडेला कड जुळवून ठेवलेल्या. त्याने त्यातली वरची उचलली, वळवून वळवून नीट पाहिली आणि एका झटक्यात उलगडून टाकली.

"हिचीही वाकडीच आहे," तो म्हणाला.