हरणाऱ्याला इंजेक्शन

सीटी स्कॅनच्या टेबलावर सात वर्षांची ईश्वरी दोनदा हलली आणि तिच्या हृदयातल्या छिद्राचं चित्र दोनदा पुसट आलं.

"आता हललीस, तर गुंगीचं इंजेक्शन," टेक्निशियन बोंद्रे म्हणाले.

"मग स्टॅच्यू खेळू. बाबापण खेळणार. जो हलेल त्याला इंजेक्शन. आणि ओव्हर मीच म्हणणार."

"कबूल," बाबा म्हणाले आणि बोंद्रेंबरोबर काचेपलीकडे गेले.

"स्टॅच्यू!" बोंद्रे माइकवर ओरडले. बाबा डोक्यावर हात ठेवून थिजले. यंत्र फिरलं, थांबलं. ईश्वरीचं बोटही हललं नव्हतं.

तिथेच बसलेल्या डॉक्टरांनी पडद्यावरची चित्रं बराच वेळ निरखली. "छिद्राच्या कडा स्पष्ट दिसताहेत, चांगल्या भक्कम आहेत. छाती उघडायची गरज नाही. पायाच्या शिरेतून नळी घालून बंद करू."

बाबा गप्प.

"अहो, ऐकलंत ना?"

बोंद्रेंनी टेबलावरून उतरवलेली ईश्वरी तेवढ्यात आत आली. ओव्हर म्हणायचं तिने मुद्दाम टाळलं. बाबांभोवती एक फेरी मारली, मान वर करून नीट पाहिलं. डोक्यावरचा हात तसाच होता, हनुवटी मात्र थरथरत होती.

"काका, बाबा हलले! आणा ते इंजेक्शन!"